अभ्यासाची गोळी



मी फार्मासिस्ट आहे. मूळची अमरावतीची. लग्न होऊन इंदूरला आले त्याला आता बावीस वर्षं झाली. सासऱ्यांचं औषधांचं दुकान होतं, ते आता मी चालवते. दुकानापासून चालत दहा मिनिटांवर भंवरकुआँ आहे. इंदूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पुण्याला सदाशिव पेठ, दिल्लीला मुखर्जीनगर, राजस्थानात कोटा, तसं आमचं भंवरकुआँ. क्लास, होस्टेल, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि लोकसेवा आयोगापासून बँकेपर्यंत सगळ्या परीक्षांची तयारी करणारी मुलं.

ही मुलं माझ्याकडे सर्दीची गोळी, पोट बिघडलं म्हणून ओआरएस, डोळ्यांत घालायचे थेंब असं काहीबाही घ्यायला येतात. पण गेल्या काही वर्षांत एक वेगळी मागणी सुरू झाली आहे. मुलगा येतो, दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर थांबतो, ते गेलं की हळूच विचारतो, "दीदी, वो पढ़ने वाली गोली है क्या?"

आज मी याच गोळीबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, संशोधक तर नाहीच. काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहणारी बाई आहे. आणि सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. ही गोळी मी एकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दिलेली आहे. त्याचं काय झालं ते सांगतेच, पण आधी ही गोळी म्हणजे नेमकं काय ते बघू.

बुद्धी वाढवणारं म्हणून जे काही विकलं जातं, त्याला इंग्रजीत एक भारदस्त नाव आहे, नूट्रॉपिक. हा शब्द कॉर्नेलियू जुर्जिया नावाच्या रोमानियन शास्त्रज्ञानं 1972 मध्ये तयार केला. बेल्जियममधल्या एका औषध कंपनीत काम करताना त्यानं 1964 मध्ये पिरासेटाम हे औषध बनवलं होतं. ते कुठल्याच जुन्या गटात बसेना, म्हणून त्यानं ग्रीक शब्द जोडून नवीन गट काढला. त्याच्या अटी कडक होत्या. औषधानं शिकणं आणि लक्षात ठेवणं सुधारावं, मेंदूला इजेपासून जपावं आणि त्याचे दुष्परिणाम फारसे नसावेत. आज या नावाखाली जे खपतं, त्यातलं बरंचसं खुद्द त्याच्याच अटींत बसत नाही.

मुलं जी गोळी मागतात ती बहुतेक वेळा मोडाफिनिल असते. हे औषध फ्रान्समध्ये तयार झालं आणि अमेरिकेत त्याला 1998 मध्ये परवानगी मिळाली, ती नार्कोलेप्सी या आजारासाठी. या आजारात माणसाला दिवसाढवळ्या, बोलता बोलता, गाडी चालवताना अनावर झोप येते. अशा माणसाला ही गोळी म्हणजे खरोखर वरदान आहे. माझ्याकडे असे एक गृहस्थ नियमित येतात. गोळी सुरू झाल्यावर त्यांची नोकरी टिकली.

दुसरं औषध मेथिलफेनिडेट. ते 1944 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लिआन्द्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञानं बनवलं. त्याच्या बायकोला घरात रीटा म्हणत, तिच्या नावावरून औषधाला रिटालिन हे नाव पडलं. एडीएचडी, म्हणजे ज्या मुलांचं लक्ष एका जागी टिकतच नाही, ज्यांना स्वस्थ बसवत नाही, त्यांच्यासाठी हे औषध आहे. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. त्यामुळे ते असं काउंटरवरून मागायचा प्रश्नच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमच्या घरात कुणाला डॉक्टरांनी तपासून यातलं औषध दिलं असेल, तर आज माझं बोलणं ऐकून ते बंद करू नका. त्यांच्यासाठी ते उपचार आहेत. मी बोलते आहे ते ज्यांना आजार नाही, फक्त परीक्षा आहे, त्यांच्याबद्दल.

आता त्या मुलाची गोष्ट.

खरगोनकडचा मुलगा होता. घरची थोडी शेती. तीन वर्षं माझ्या दुकानात येत होता. सरळ, नमस्कार करून बोलणारा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा बारा दिवसांवर आली होती तेव्हा तो आला आणि म्हणाला, "दीदी, बस एक पत्ता." गोळीचं नाव त्याला तोंडपाठ होतं. मित्राकडून घेऊन दोनदा खाऊनही झाली होती. मी आधी नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही नाही दिली तर पुढच्या दुकानातून आणीन, नाहीतर ऑनलाइन मागवीन." ते खरं होतं. मुलगा ओळखीचा, दुकानात संध्याकाळची गर्दी. मी पत्ता काढून दिला. पैसे घेतले. पाकिटावर लाल पट्टी असते, तिच्यावर काय लिहिलेलं असतं ते मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत आहे. तरी दिला.

परीक्षा झाल्यावर दोन दिवसांनी तो आला. डोळे खोल गेलेले. गिऱ्हाइकांसाठी बाहेर स्टूल ठेवलेलं असतं, त्यावर बसला. म्हणाला, झोप येत नव्हती हे खरं. रात्र रात्र बसायचो. पण एकच धडा चार चारदा वाचायचो. परीक्षेत एका प्रश्नाशी अडकलो, सोडून पुढं जायला हवं हे कळत होतं, पण सोडवेना. छाती धडधडायची ती वेगळीच. गोळी किती वाजता घ्यायचास, म्हणून विचारलं, तर दुपारी चारला. या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायलाच साधारण बारा ते पंधरा तास लागतात. म्हणजे दुपारी चारला घेतलेली गोळी पहाटे चारलासुद्धा निम्म्याहून अधिक अंगात असते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

तो पास झाला नाही. त्या परीक्षेत बहुतेक मुलं पास होत नाहीत, त्यामुळे गोळीनं नापास केलं असं मी म्हणणार नाही. एका मुलाच्या अनुभवावरून शास्त्र होत नाही. म्हणून मग मी वाचायला बसले.

2015 मध्ये ऑक्सफर्ड आणि हार्वर्डच्या दोन संशोधकांनी निरोगी माणसांवरचे मोडाफिनिलचे 24 अभ्यास एकत्र तपासले. गुंतागुंतीच्या कामांत, म्हणजे नियोजन करणं, निर्णय घेणं यांत काही फायदा दिसला होता. म्हणजे गोळी अगदीच पोकळ आहे असं नाही. पण स्मरणशक्तीच्या बाबतीत चित्र धूसर होतं, आणि सर्जनशील विचारांच्या काही चाचण्यांत उलटा परिणामही दिसला होता.

मग 2023 मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला तो स्टुलावर बसलेला मुलगाच आठवला. त्यांनी 40 निरोगी तरुण माणसांना वेगवेगळ्या दिवशी मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट, डेक्सअँफेटामिन आणि एक नुसती बिनऔषधाची गोळी दिली. कुठल्या दिवशी कुठली, ते त्यांना सांगितलं नाही. आणि एक कोडं सोडवायला दिलं. समजा, तुमच्याकडे एक पिशवी आहे, तिच्यात ठरावीक वजनच मावतं. समोर बऱ्याच वस्तू आहेत, प्रत्येकीचं वजन वेगळं, किंमत वेगळी. पिशवीत जास्तीत जास्त किमतीचा माल बसवायचा. ऐकायला सोपं, पण करायला घेतलं की डोकं चालवावं लागतं.

निकाल काय आला? औषध घेतल्यावर माणसं जास्त वेळ खटपट करत होती, जास्त वस्तू आत टाकत होती, बाहेर काढत होती. मेहनत वाढली. पण त्या मेहनतीचा दर्जा घसरला. हालचाली जास्त, पण आडाखा कमी. उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. आणि जी माणसं एरवी सरासरीपेक्षा चांगली होती, ती औषधावर सरासरीच्या खाली येण्याकडे झुकली. आपण खूप काम करतो आहोत असं वाटत राहतं, आणि काम तर तसं होत नसतं. ज्याला आधीच लक्ष देता येतं, झोप पुरेशी आहे, त्याच्या मेंदूत ही गोळी बुद्धी ओतत नाही. फार तर त्याला जागं ठेवते आणि खटपट करायला लावते.

आणि फुकट तर काहीच मिळत नाही. डोकेदुखी, भूक मरणं, बेचैनी, धडधड हे नेहमीचे त्रास. क्वचित, पण जिवावर बेतेल असा त्वचेचा विकार होऊ शकतो. अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टर गाठायचा. आणि मुलींसाठी एक मुद्दाम सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

आता तुम्ही म्हणाल, ताई, या तर इंग्रजी गोळ्या झाल्या. आम्ही मुलांना ब्राह्मी देतो, शंखपुष्पी देतो. जानेवारी ते मार्च या दिवसांत माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपणाऱ्या बाटल्यांत ही सिरप असतात. माझी कमाई आहे त्यात, तेही मान्य करते.

ब्राह्मीवर आपल्याकडे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, बरंच काम झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातही चाचण्या झाल्या. त्यांतून दिसलं ते असं की रोज ठरावीक प्रमाणातला अर्क साधारण तीन महिने घेतला, तर नवीन शिकलेलं विसरण्याचा वेग काही जणांत थोडा कमी होतो. थोडा. आणि तीन महिन्यांनी. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी बाटली आणून ते होत नाही. पोट बिघडणं, मळमळणं हे त्रासही होतात. शिवाय बाटलीत काय आहे तेही बघावं लागतं. देशाच्या काही भागांत जलब्राह्मीला ब्राह्मी म्हणतात, काही भागांत मंडूकपर्णीला. दोन अगदी वेगळ्या वनस्पती आहेत. शंखपुष्पीचं तर त्याहून अवघड. त्या नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात, आणि त्यांतली एक म्हणजे आपल्या अंगणातली गोकर्णी.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी लोक जिन्कोच्या गोळ्या नेतात, विसरभोळेपणा थांबावा म्हणून. अमेरिकेत 75 वर्षं आणि त्यावरच्या 3069 माणसांना सरासरी सहा वर्षं या गोळ्या किंवा बिनऔषधाच्या गोळ्या देऊन पाहिलं. 2008 मध्ये निकाल आला. स्मृतिभ्रंश होण्याच्या प्रमाणात काही फरक पडला नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. आपल्या देशाच्या 1945 च्या औषध नियमांत शेड्यूल जे नावाची एक यादी आहे. अमुक गोष्ट आम्ही बरी करतो किंवा घडवून आणतो, असा दावा औषधानं करता कामा नये, अशा गोष्टींची ती यादी. त्यात कॅन्सर आहे, टक्कल आहे, उंची वाढवणं आहे. आणि त्याच यादीत मेंदूची क्षमता वाढवणं आणि स्मरणशक्ती सुधारणं हेही आहे. म्हणून तर पुष्कळ माल औषध म्हणून न येता पूरक आहार म्हणून येतो, आणि खोक्यावर 'वाढवते' न लिहिता 'मदत करते', 'साथ देते' असं लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी खोकं हातात घ्याल तेव्हा क्रियापद नीट वाचा.

मग काय, काहीच उपयोगाचं नाही? तसं नाही. आणि इथेच मला आज जे सांगायचं आहे ते येतं.

दोन वर्षांपूर्वी एक आई आली. मुलगी नीटच्या तयारीला होस्टेलवर. "हिचं लक्षच लागत नाही. वाचलेलं राहत नाही. स्मरणशक्तीचं चांगलं टॉनिक द्या, महाग असलं तरी चालेल." मुलगी शेजारीच उभी होती. मी बाटलीकडे हात नेला होता, तेवढ्यात मला खरगोनच्या मुलाची आठवण झाली आणि मी हात मागे घेतला. मुलीला विचारलं, "थकवा येतो का? जिना चढताना धाप लागते?" लागते म्हणाली. पाळीत अंगावर जास्त जातं का? हो. मग आईच म्हणाली, "आणि हिला कच्चे तांदूळ चघळायची सवय लागली आहे, कितीदा रागावले." मी म्हटलं, "वहिनी, टॉनिक राहू दे. आधी डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासा."

हिमोग्लोबिन 7.8 निघालं. बाईमाणसाला 12 च्या खाली म्हणजे कमी. कच्चे तांदूळ, खडू, माती खावीशी वाटणं हे लोहाच्या कमतरतेचं जुनं लक्षण आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी एवढंच सांगितलं की गोळीच्या आगेमागे चहा घेऊ नको, लिंबू पिळलेलं काही खा. तीन महिन्यांनी ती स्वतः गोळ्या न्यायला आली. "आता डुलक्या येत नाहीत, आंटी," म्हणाली. ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांना रक्तक्षय होता. 15 ते 19 च्या मुलींत 59 टक्के. म्हणजे वर्गात शंभर मुली बसल्या असतील तर त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींना. आणि आपण त्यांना म्हणतो, लक्ष दे.

आमच्या शेजारच्या आजींचंही तसंच. विसरायला होतं म्हणून जिन्को मागायला आल्या. अनेक वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू, घरी शुद्ध शाकाहार, दूधही बंद केलेलं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-12 कमी होऊ शकतं, आणि ते कमी झालं की विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या असं होतं. डॉक्टरांनी तपासलं, तेच निघालं.

तर मला जे समजलं ते हे. गोळी असलेली उणीव भरून काढते. लोह कमी असेल तर लोहाची गोळी बुद्धीची गोळी ठरते. बी-12 कमी असेल तर बी-12. थायरॉइडचं बिघडलं असेल तर थायरॉइडची. नार्कोलेप्सी असेल तर मोडाफिनिल, एडीएचडी असेल तर मेथिलफेनिडेट. आणि उणीव नसेल, तर त्याच गोळ्यांतून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून कुठलीही गोळी घ्यायच्या आधी प्रश्न एकच. मला कमी काय आहे?

या प्रश्नाचं सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर माझ्या दुकानात विकत मिळत नाही. ते म्हणजे झोप. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2003 मध्ये एक प्रयोग झाला. निरोगी माणसांना दोन आठवडे रोज ठरावीक तासच झोपू दिलं. कुणाला आठ, कुणाला सहा, कुणाला चार. सहा तासांवाल्यांची लक्ष देण्याची क्षमता दोन आठवड्यांत इतकी खाली आली, की सलग जागरण केलेल्या माणसासारखी झाली. आणि त्यांना विचारलं तर ते म्हणत, तशी फार झोप येत नाही, ठीक आहे. आपण किती ढासळलो आहोत हे त्यांचं त्यांना कळतच नव्हतं. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत. म्हणजे जागरण करून धडा वाचायचा हे दळण दळून पीठ वाऱ्यावर सोडण्यासारखं आहे.

आणि दुसरं उत्तर, अभ्यासाची पद्धत. 2006 च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. पण आठवड्यानंतर विचारलं, तर पुन्हा वाचलेल्यातलं 42 टक्के आठवत होतं आणि मिटून लिहिलेल्यातलं 56 टक्के. इतका फरक मी कुठल्याही बाटलीवर पाहिलेला नाही. आपल्या आजोबांच्या काळी पुस्तक मिटून म्हणून दाखवायला लावत, त्याला आपण घोकंपट्टी म्हणून हसलो. त्यातलं 'मिटून म्हणून दाखव' एवढं तरी उचलायला हवं होतं.

आता शेवटी परत त्या खरगोनच्या मुलाकडे येते. त्या दिवशी स्टुलावर बसलेला असताना मी त्याला पहिल्यांदा विचारलं, "तू झोपतोस किती?" म्हणाला, चार तास. का? तर क्लासची फी भरायची म्हणून तो संध्याकाळी सहा ते रात्री अकरा पार्सल पोचवायचं काम करायचा. सकाळी सातला क्लास. अभ्यास मधल्या वेळात. तीन वर्षं मी त्याला ओळखत होते आणि मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

माझी चूक गोळी दिली एवढीच नाही. एक प्रश्न न विचारता दिली, ही खरी चूक. विचारलं असतं तर त्याच्या फीचा प्रश्न मी सोडवला असता असं नाही. पण जो मुलगा दिवसाला चार तास झोपतो त्याला जागं ठेवणारी गोळी तरी मी विकली नसती. निदान परीक्षेआधीचे बारा दिवस तरी काम बंद ठेव, घरी फोन कर, एवढं तरी म्हटलं असतं. त्यानं पुढे सकाळचा क्लास सोडून दुपारचा घेतला. अजून प्रयत्न करतो आहे. मधूनमधून येतो. गोळी मागत नाही.

आता काउंटरवर कुणी हळू आवाजात विचारलं, की मी आधी स्टूल पुढे करते आणि तीन गोष्टी विचारते. झोपतोस किती? जेवतोस काय? आणि शेवटचं रक्त कधी तपासलंस? काही जण वैतागून पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत. काही जण बसतात.

तुमच्याही घरात कुणी परीक्षेला बसलेलं असेल. इंदूरला, हैदराबादला, बडोद्याला, बेळगावला, कुठेही. आज रात्री त्यांना फोन केलात, तर अभ्यास किती झाला हे नंतर विचारा. आधी विचारा, झोप झाली का?